मार डोक्याला लागला, मग स्वभाव का बदलला?

‘जीव वाचला, घरी आले. पण घरी आलेत ते आमचे हे नव्हेत.’ डोक्याला मार लागलेल्या माणसाची बायको किंवा आई समोर बसली की थोड्याच वेळात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. पाठोपाठ, जरा आवाज खाली करून, दुसरा प्रश्न: ‘मुद्दाम करत असतील का?’

मिरजेकडच्या एका ताईंची हकिकत सांगते. त्यांच्या संमतीने लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा चाळिशीच्या आतला, टेलर, स्वतःचं छोटं दुकान. रात्री गाडीवरून पडला, हेल्मेट नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचा जीसीएस ७ लिहिलेला. शुद्धीचं हे मोजमाप ३ ते १५ असं असतं. ८ किंवा त्याखाली असलं तर मार गंभीर समजतात. तो आकडा ताईंना कुणी समजावून सांगितला नव्हता. आता हातपाय धड, टाके सुकलेले. येणारा-जाणारा ‘बरा दिसतो की!’ म्हणून चहा पिऊन जायचा.

घरात वेगळंच चाललं होतं. अंघोळीला जा म्हटलं तर जाणार, कुणी सांगितलं नाही तर दुपारपर्यंत कॉटवर बसून राहणार. एकच गोष्ट चारदा विचारणार. पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोलणार. पोरांनी टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून एकदा रिमोट भिंतीवर आपटला. सासूबाईंचं मत, ‘तू फार लाड केलेस, म्हणून आळशी झालाय.’ तो स्वतः म्हणायचा, ‘मला काय धाड भरलीय?’

मी ताईंना आधी एवढंच सांगितलं की हे मुद्दाम नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरतो, कामाला सुरुवात करून देतो, कशानंतर काय करायचं ते ठरवतो. गाडीवरून पडताना बऱ्याचदा या भागाला मार बसतो. म्हणून चिडचिड आणि ‘आळस’ ही दोन्ही त्याच दुखापतीची लक्षणं आहेत. आपल्यात काही बिघडलंय याची जाणीवच न होणं हेही त्यातच येतं. तेव्हा ‘असं का वागलात?’ म्हणून वाद घालण्यात काही अर्थ नसतो. विषय बदलावा, नाहीतर पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. हात उगारला जात असेल तर मात्र आधी स्वतःला आणि मुलांना सांभाळायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आजारी माणूस आहे म्हणून मार सोसायचा नाही.

मग एक वही करायला सांगितली. भडका किती वाजता उडाला, तेव्हा घरात कोण होतं, आवाज कसला होता, आदल्या रात्री झोप झाली होती का. दोन आठवड्यांनी ताई वही घेऊन आल्या आणि पानं उलटता उलटता त्यांनाच दिसलं: जवळजवळ सगळे भडके संध्याकाळी पाच ते सातमधले. पोरं शाळेतून आलेली, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, त्यात कुणीतरी भेटायला टेकलेलं. जखमी मेंदू लवकर दमतो आणि चार आवाज एकदम आले की त्याला झेपत नाही. मग दुपारी पडदे ओढून तासभर विश्रांती, पाहुण्यांना सकाळची वेळ, एका वेळी एकच सूचना. न्हाणीघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत क्रम: दात, दाढी, अंघोळ, कपडे. राग संपला नाही, पण कमी झाला. सासूबाईंनाही वहीनेच पटवलं.

दुकानाचं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या तज्ज्ञाने, हाती घेतलं आणि मला ते फार शिकवून गेलं. मशीनवर बसवल्यावर त्याची शिलाई सरळ आली. वर्षानुवर्षांची हाताची सवय शाबूत होती. पण शर्ट बेतायला घेतला की गोंधळ. कॉलर कापायची राहायची, नाहीतर एकच बाही दोनदा कापली जायची. म्हणून बेतायचं काम चुलतभावाकडे दिलं आणि त्याच्याकडे काज-बटण, खालची पट्टी मारणं, पँटची लांबी कमी करणं. सुरुवातीला सकाळचे दोन तास, तेवढेच.

असा आधार गावात मिळत नाही, हे खरंच आहे. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे एकदा नीट तपासणी करून घरी करायचा कार्यक्रम लिहून आणला तरी पुष्कळ होतं. अपघाताचा दावा चालू असेल तर स्मरणशक्ती आणि वागणुकीच्या तपासणीचा अहवाल वकिलांकडे द्याच. नाहीतर भरपाई ठरताना मोडलेलं हाड मोजलं जातं आणि गेलेली कामाची कुवत कागदावर येतच नाही.

एक दिवस ताई म्हणाल्या, ‘नवरा समोर बसलाय, जिवंत आहे, मग मला रडू का येतं? पाप वाटतं.’ ज्याच्याशी रात्री दोन शब्द बोलायचो तो माणूस हरवला तर रडू येणारच. त्यात पाप कसलं? त्या दिवशी नवऱ्याचा विषय बाजूला ठेवला. रविवारची दुपार दीर सांभाळतील आणि ताई माहेरी जातील, असं ठरवून घेतलं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर घरच्यांनीही १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर बोलावं; तो फक्त रुग्णांसाठी नाही.

‘पहिल्यासारखे होतील का?’ याला मी खोटं उत्तर देत नाही. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वेग मंदावतो, पण दोन वर्षं आणि त्यानंतरही ती होत राहते. काही गोष्टी येतील, काहींना वहीचा आणि माणसांचा आधार कायम लागेल. दारू मात्र पूर्ण बंद. आणि डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा फिट आली तर माझ्याकडे नाही, थेट दवाखान्यात जायचं.

ताईंचा नवरा आता दुकानात अर्धा दिवस बसतो. संध्याकाळचा टीव्ही शेजाऱ्यांकडे असतो. गाडीची किल्ली ताईंकडे आहे. फिटची गोळी चालू आहे आणि न्यूरॉलॉजिस्ट हो म्हणत नाहीत तोवर किल्ली द्यायची नाही, यावरून घरात अजूनही वाद होतात.