लहान मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) नव्या कुटुंबाला आपलंसं कसं करावं?
तुमची मंडळी पंचवीस-तीस घरांची, आणि नवे लोक दोन रविवार येऊन दिसेनासे होतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या नगरकडचा अनुभव सांगतो. दारात ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात मिळवला की काम झालं असं आपल्याला वाटतं. खरी परीक्षा उपासना सुटल्यावर असते. जुनी माणसं आपापला घोळका करून उभी राहतात आणि नवं कुटुंब चपला शोधत बसतं!

म्हणून त्याच दिवशी कुणीतरी घरी न्यावं. पिठलं-भाकरी चालेल, मटणाचा बेत ठरेपर्यंत महिना जातो. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 मध्ये पहिली मंडळी घरोघरीच भाकर मोडत होती. पुढची घरगुती प्रार्थनासभा जमल्यास त्यांच्याकडे ठेवा, पण चहा-पोह्यांचं महिला मंडळाने बघावं. हंगामाच्या सणाला लोकांनी देवाला वाहिलेल्या धान्य-भाज्यांचा लिलाव असतो, तेव्हा त्यांच्याकडे वर्गणी मागू नका, काम द्या. भोपळा उचलून बोली पुकारणारा माणूस पाहुणा राहत नाही. आणि हो, ‘मूळचे कुठले?’ हे पहिल्याच भेटीत विचारू नका. त्यामागे जात चाचपणं असतं, हे सगळ्यांना कळतं.