फास्टिंग ९६, बीएमआय नॉर्मल, मग काळजी कशाची?

तुम्ही विचारलंत, म्हणून तुमच्या रिपोर्टमधले आकडे: वय ३६, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४ किलो, फास्टिंग शुगर ९६, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३६.

काळजी पोटाची. फास्टिंग शुगर बरीच उशिरा चढते. त्याआधी काही वर्षं स्वादुपिंड जादा इन्शुलिन सोडून ती दाबून धरतं. तोवर यकृतात चरबी साठते, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एचडीएल उतरतं. तुमचा रिपोर्ट याच टप्प्याचा दिसतो.

बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजनावर, विसंबू नका. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

पँटचा नंबरही कामाचा नाही, ती पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या दोन खुणा तुमच्यात आहेतच; घेर ९० भरला, तर पाचपैकी तीन जमल्या, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम (मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या खुणांचा गट). उरलेल्या दोन: बीपी १३०/८५ आणि फास्टिंग १००, किंवा त्यावर.

एचबीएवनसी ५.८ वर लगेच प्रीडायबेटिसचा (मधुमेहाच्या आधीच्या पायरीचा) शिक्का नको. लोह कमी असलं तर हा आकडा उगाच वर दिसतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. डॉक्टरांना विचारून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करा. दोन तासांनी १४० ते १९९ आली तर मात्र प्रीडायबेटिस. आदल्या दिवशी दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइड पुन्हा तपासा.

खाण्यात आधी चहा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, वर तूप आणि दाणे, उपवास कसला! पोळीऐवजी ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर फायदा गेला. त्यातली एक काढून घट्ट वरण किंवा उसळीची वाटी वाढवा.

जेवणानंतर १५ मिनिटं चाला. चालते स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढतात. आठवड्यातून दोनदा बैठका आणि जोर. वजन तीन-चार किलो उतरलं तरी पुष्कळ.

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत परत करू नका, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. घेर मात्र दर रविवारी, चहाच्या आधी, त्याच टेपने.