राष्ट्रीय जल अकादमीच्या ट्रेनिंगला जाऊन खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसतं प्रमाणपत्र?

मिळतं. पण तुमच्या प्रश्नातलं पुढचं वाक्य वाचून उत्तर लिहायला बसलो: 'आमचे सीनियर म्हणतात, ज्याला फील्डवर काम असतं तो ट्रेनिंगला जातच नाही.' हे वाक्य मी ग्वाल्हेरात नोकरीभर ऐकलं. अकादमीचं पुण्याजवळचं खडकवासला, रुडकी की भोपाळची वाल्मी (पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची संस्था), हेही विचारलंय तुम्ही. त्याकडे येतो, आधी हे ऐका.

मी तेव्हा सिंचन खात्यात एसडीओ, म्हणजे उपविभागाचा अधिकारी होतो. चंबळच्या उजव्या मुख्य कालव्यावरची एक वितरिका, म्हणजे त्यातून निघणारा लहान कालवा, माझ्याकडे होती. टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, गावांतले लोक दर रब्बीत दारात उभे, 'साहब, पानी आया ही नहीं.' आमचे ई.ई. (कार्यकारी अभियंता) साहेब हेडच्या, म्हणजे वितरिकेच्या तोंडाशी असलेल्या, पाण्याची उंची दाखवणाऱ्या गेजकडे बोट दाखवायचे. गेज पूर्ण, म्हणजे पाणी पूर्ण. वरचे लोक पंप लावून चोरतात, पोलिसांना पत्र लिहा. झालं. पार्वती अ‍ॅक्वाडक्टवर, म्हणजे कालवा पार्वती नदी ओलांडून मध्य प्रदेशात येतो तिथे, मध्य प्रदेशच्या वाट्याचे 3900 क्युसेक मिळावेत म्हणून राजस्थानशी दरवर्षी पत्रापत्री, आणि आपल्याच वितरिकेत नक्की किती जातंय ते मोजायला कोणाला सवड नाही.

त्या वर्षी खडकवासल्याच्या एका कोर्ससाठी नाव मागवलं होतं. ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याचं नाव पाठवायचं, ही आपल्याकडची रीत. त्याच्या घरी नेमकं लग्न निघालं म्हणून मी गेलो. अकादमी केंद्रीय जल आयोगाची. 1988 मध्ये सेंट्रल ट्रेनिंग युनिट म्हणून सुरू झाली, 1999 मध्ये राष्ट्रीय जल अकादमी झाली, पण जुनी मंडळी तेव्हाही सीटीयूच म्हणायची.

खरं सांगायचं तर जेवणानंतरच्या लेक्चरांत निम्मा वर्ग पेंगत होता. कामाचं जे मिळालं ते कालव्याच्या काठावर. पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर पाण्यात सोडायचा, रुंदीचे भाग पाडायचे, पाणी उथळ असेल तर खोलीच्या 0.6 वर एकच वेग, खोल असेल तर 0.2 आणि 0.8 वर घेऊन सरासरी. कॉलेजात हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. हातात वायर धरून मीटर स्थिर ठेवायची वेळ आली की कळतं, आपल्याला काही येत नव्हतं. शेजारीच सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, 1916 पासूनची संस्था. तिथे लांबलचक टाकीवर ट्रॉली चालवून हे मीटर तपासून देतात. आपल्या स्टोअरमधला मीटर शेवटचा कधी तपासला होता, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

परत आलो आणि स्टोअरकीपरकडून मीटरची पेटी काढवली. कप जाम झालेले. तो तपासून येईपर्यंत साहेबांची परवानगी मागितलीच नाही. मग उपयंत्र्याला घेऊन पुलावरून माप घेतलं. गेज पूर्ण होतं आणि डिस्चार्ज, म्हणजे प्रत्यक्ष वाहणारं पाणी, गेजवरून पाणी किती ते सांगणाऱ्या तक्त्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी! तक्ता कालवा नवा होता तेव्हाचा. गेजच्या खालच्या बाजूला पटेरा, म्हणजे पाणगवत, माजलेला, तळाशी गाळ. गवताने पाण्याचा वेग मारला की तेवढंच पाणी जास्त उंचीवरून वाहतं. काठावरून बघणाऱ्याला कालवा भरलेला दिसतो. म्हणजे टेलचे लोक खरं बोलत होते. चोरीही होत होती, नाही म्हणत नाही, पण चोरायला जे पाणी हवं तेच कमी सुटत होतं.

साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, 'तुला पुण्याला पाठवायलाच नको होतं.' वर हेही, की ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या काळात कुठे होत्या अकादम्या, तरी इथलं तिघरा धरण उभं राहिलंच ना? तेव्हा मी गप्प बसलो, आता बसत नाही. तिघरा 1916 ला उभं राहिलं आणि 1917 च्या ऑगस्टमध्ये फुटलं. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरलं म्हणून. ग्वाल्हेरच्या माणसाने शिक्षणाविरुद्ध तिघऱ्याचा दाखला देऊ नये.

पुढच्याच बदलीत मला एस्टिमेटच्या टेबलावर बसवलं. करंट मीटर परत पेटीत. नंतर आलेल्या साहेबांनी पटेरा काढवला आणि टेलला पाणी गेलं; माझा रिपोर्ट त्यांनी पाहिला होता की नाही देव जाणे. तर, ट्रेनिंगला रिकामी माणसं जातात असं ज्यांना वाटतं त्यांना विचारा, शिकून आलेल्या माणसाला तुम्ही कुठे बसवता? प्रमाणपत्र नुसतं प्रमाणपत्र राहतं ते तिथे. खडकवासल्याचा त्यात काय दोष?

आता तुमचं. वितरिका, पाणीवाटप, पाणी वापर संस्था असलं काम असेल तर भोपाळची वाल्मी जवळची आणि माती आपली; लाजू नका. पूर, धरणसुरक्षा, जलाशय चालवणं असेल तर खडकवासला. 2021 च्या ऑगस्टमध्ये सिंध नदीला पूर येऊन दतिया-भिंडकडचे पूल वाहून गेले, त्यानंतर तरी धरणावरच्या माणसाने हे शिकलंच पाहिजे. केंद्राच्या जल अभियांत्रिकी सेवेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्यांचं मोठं प्रशिक्षण तिथेच होतं, तेव्हा इतर राज्यांतल्या लोकांशी ओळखीही होतात. हायड्रॉलॉजीच (जलविज्ञान) खोलात शिकायची असेल तर रुडकीची एनआयएच, म्हणजे राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, 1978 ची. तिथेच आयआयटीत 1955 पासूनचा जलसंपदा विभागही आहे, पण तो पूर्ण एम.टेक.चा मामला, रजा मिळवायची हिंमत असेल तरच.

माझी माहिती निवृत्तीपूर्वीची आहे. आजचे कोर्स बदललेले असणार, बरेच ऑनलाइनही झालेत. घरबसल्या करंट मीटर कसा धरणार ते मला समजत नाही, पण आकडेमोडीचे विषय तसे शिकता येतील. आणि तुम्ही डिझाइन शाखेत असाल तर वरची वितरिकेची कथा बाजूला ठेवून सरळ रुडकीला अर्ज करा. नाव पाठवण्याची फाइल मात्र स्वतः हातात घेऊन फिरवा, नाहीतर ती तारीख उलटल्यावरच सही होऊन येते.