‘काही लागलं तर सांग’ म्हणू नकोस

प्रिय,

पत्र वाचलं. मित्राचा घटस्फोट चालू आहे, तो फोन उचलत नाही, आणि ‘काही लागलं तर सांग’ असा निरोप पाठवून तू उत्तराची वाट बघत बसला आहेस. त्याला सध्या एकटंच राहायचं असेल, असंही लिहिलंस. तो तसं म्हणाला का? नाही ना? मग ते तूच ठरवलंस, कारण ते तुझ्या सोयीचं आहे. रागावू नकोस. माया नसती तर तू एवढं लांबलचक लिहिलंच नसतंस. पण ती माया मला पत्रातून कळून काय उपयोग? त्याच्याकडे जा.

माझ्या वेळी मीही फोन उचलत नव्हतो. नातेवाईक अजून म्हणतात, तेव्हा याला फार ताठा होता. ताठा कसला! झोप लागत नव्हती, भूक कळत नव्हती, आणि जो तो विचारायचा, काय हवं ते सांग. काय सांगणार? ती परत हवी, की ती कधी भेटलीच नसती तर बरं, हेच मला ठरवता येत नव्हतं. मदत मागायला आपल्याला काय कमी पडतंय ते आधी कळावं लागतं, आणि त्या दिवसांत नेमकी तीच अक्कल गेलेली असते. शिवाय बऱ्याच पुरुषांची मन मोकळं करायची जागा एकच असते, बायको. तिच्याशीच फाटल्यावर फोन करायचा कुणाला? त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत बसू नकोस. जा.

होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या उलथापालथींना, त्या माणसाला किती हादरवतात त्यानुसार, गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू 100, त्याच्याखाली घटस्फोट 73. कुणी गेल्याचं कळलं की आपण निरोप पाठवून घरी बसतो का? उठून जातो. घटस्फोट म्हटला की मात्र सगळ्यांना एकदम शिष्टाचार आठवतात.

माझ्याकडे एक जण आला. ‘बूट घाल, चालायला जाऊ,’ म्हणाला. मी नाही म्हटलं, तर तिथेच पेपर वाचत बसला. टेबलावर न उघडलेल्या पाकिटांचा ढीग होता, वकिलाची, बँकेची, विम्याची. ती त्याने माझ्यादेखत फोडून तारखेप्रमाणे लावली. एका पत्राला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. तेवढं माझ्या हातात देऊन म्हणाला, हे आजच वकिलाला कळव. मी खेकसलो, तुला बोलावलं होतं कुणी? ‘कुणीच नाही,’ म्हणाला. आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा हजर.

तो ठरलेला वार फार मोठी गोष्ट आहे. त्या दिवशी कुणीतरी येणार हे माहीत असलं की माणूस तिथवर रेटतो, आणि मुख्य म्हणजे त्याला मागावं लागत नाही.

जाऊन बोलायचं काय, असं विचारलंस. कमी बोल. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 साली शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं ते असं की जी मुलं एकच दुःख मिळून उगाळत बसतात त्यांची मैत्री घट्ट असते, आणि उदासीही जास्त असते. मोठ्यांचं काही वेगळं असेल असं मला वाटत नाही. ऐकून घे, मग त्याला उठव. चालायला ने. मुलं यायची असतील तर घर आवरायला लाग. रात्रभर जुने मेसेज वाचतो का, पिणं वाढलंय का, याकडे लक्ष ठेव. आणि ‘माझ्यावाचून सगळ्यांचं बरंच चालेल’ अशी भाषा कानावर आली तर आडून आडून नको, सरळ विचार: जिवाचं काही करायचं मनात आहे का? विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना सांग, डॉक्टर गाठ. त्याने शपथ घातली तरी हे पोटात ठेवायचं नाही.

तो तुला हाकलेल. हाकलू दे. दार उघडलं नाही तर बाहेरून सांग, अमक्या वारी परत येतोय, आणि खरंच ये. ज्यांनी मला नुसते निरोप पाठवले त्यांच्याशी पुढे माझं जमलं नाही. हट्टी म्हण हवं तर. मला त्याचा पस्तावा नाही. एकदोघांबाबत आहे, पण ते जाऊ दे.

राहिला त्याच्या बायकोचा प्रश्न. ती तुझीही मैत्रीण, तिच्याशी बोललो तर दगा होईल का, म्हणतोस. माझा तो मित्र माझ्या बायकोविषयी एक वाकडा शब्द बोलला नाही. मला तेव्हा संताप यायचा; माझा म्हणवतो आणि चार शिव्या घालत नाही? पुढे मुलांच्या शाळेत तिच्या शेजारी बसायची वेळ आली तेव्हा कळलं की निदान त्याने बोललेलं काही निस्तरायचं नव्हतं. तर तिला फोन कर. पण त्याला आधी सांगून कर, आणि इकडचं तिकडे काही नेऊ नकोस, दोघांनी खोदून विचारलं तरी. तो चिडेल. चिडू दे, पुढच्या वारी तू येणारच आहेस.

तुझा,
काका