घाटाचा गिअर निवडताना

पोरी,

रविवारी यवतेश्वरच्या घाटात मी तुझ्या मागेच होतो. वरच्या वळणांना तुझे खांदे डावी-उजवीकडे हलायला लागले. हँडल ओढून तू अख्खं वजन पायडलवर टाकत होतीस. मी घड्याळ लावून मोजलं: 15 सेकंदांत पायडलच्या 10 फेऱ्या, म्हणजे मिनिटाला 40. वर पोचल्यावर म्हणालीस, "काका, दमच कमी पडतोय." दम कमी पडलेला नव्हता गं. दोन मिनिटांत तू नीट बोलायला लागलीस, पण मांड्या मात्र उतारावरही थरथरत होत्या. गिअर जड होता, बाकी काही नाही.

हिशोब बघ. तुझ्या पुढच्या छोट्या चकतीला 39 दात, मागच्या सगळ्यात मोठीला 28. 39 भागिले 28, म्हणजे 1.39. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक तेवढं फिरतं. 700 मापाच्या चाकाला 25 मिलिमीटर रुंद टायर असेल तर चाकाच्या एका फेरीत सायकल साधारण 2.1 मीटर जाते. म्हणजे तू दर फेरीला जवळपास 2.9 मीटर चढ ओढत होतीस. पुढे 34 आणि मागे 34 असते तर 2.1 मीटरच ओढावे लागले असते. त्याच वेगाला पाय 40 ऐवजी 56 वेळा फिरले असते आणि दर फेरीचा जोर 28 टक्क्यांनी कमी झाला असता. काम तेवढंच, पण घास लहान. घाटात मिनिटाला 65-70 फेऱ्या बसून मारता आल्या की गुडघे शाबूत राहतात. 50 च्या खाली सतत जायला लागलीस, तर तो गिअर तुझ्यासाठी नाही.

ग्रुपमधली मुलं मोठ्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चकत्यांच्या मोठ्या संचाला, हसतात, हे मला माहीत आहे. टूर द फ्रान्सच्या सायकल शर्यतीत 1937 पर्यंत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राला, परवानगीच नव्हती. त्याआधी रायडर चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, कारण हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दुसऱ्या बाजूला हलका गिअर असायचा. मी तुझ्या वयाचा असताना हे कुणी सांगितलं नाही. पुढे 39 आणि मागे 23 वर पसरणी घाट चढायचा हट्ट केला आणि डावा गुडघा कायमचा दुखावून बसलो. तुझ्या बाबतीत ते मी होऊ देणार नाही.

गिअर ठरवताना घाटाचा पायथा डोळ्यासमोर आणू नकोस. तिथे सगळेच ताजे असतात. शेवटचा दोन किलोमीटरचा टप्पा, तोही आधी साठेक किलोमीटर झालेले, बाटलीत घोटभर पाणी उरलेलं, अशा वेळी पाय काय फिरवू शकतील ते बघ. पसरणीचा चढ एकसारखा आहे, तिथे चूक खपून जाते. पण कासकडे किंवा ठोसेघरकडे जाताना चढ मधेच उभा राहतो, तिथे खपत नाही. आणि पावसाळ्यात तर हलका गिअर हवाच. ओल्या रस्त्यावर पायडलवर उभी राहिलीस की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक जागच्या जागी घसरतं. हलक्या गिअरवर बसूनच चढता येतं.

याची किंमत सपाटीवर मोजावी लागते, तेही सांगतो. 11 स्पीडच्या, म्हणजे मागे 11 चकत्या असलेल्या, 11-34 कॅसेटमध्ये 11, 13, 15, 17 असे दात असतात. 12 आणि 14 नाहीत. 11-28 मध्ये 11 ते 15 सगळे सलग आहेत. फलटण-लोणंद भागात समोरून वारा आणि घोळक्यात ताशी 38 किलोमीटरचा वेग असला की 13 जड आणि 15 हलका वाटतो. मधला दात नसल्याची चुटपुट लागते. म्हणून सपाट शर्यतीला 28, घाटाच्या शर्यतीला 34. पैसे एकाच कॅसेटचे असतील तर डोळे झाकून 34. आपण साताऱ्यात राहतो.

आता बसवण्याबद्दल, आणि इथे घाई करू नकोस. तुझ्या क्रँकच्या (पायडलचा दांडा, ज्यावर पुढच्या चकत्या बसतात) बोल्टांचं वर्तुळ 130 मिलिमीटरचं आहे. त्यावर 38 हून लहान चकती बसतच नाही. 34 हवी तर 50 आणि 34 दातांचा अख्खा क्रँक घ्यावा लागेल आणि पुढचा डिरेलर थोडा खाली उतरवावा लागेल. ते पुढच्या वर्षी करू. यंदा मागची 34 घे, 39 शी ती 1.15 देते, आताच्यापेक्षा खूप बरं. पण त्यासोबत लांब केजचा (चेन ताणून धरणाऱ्या दांडीचा) डिरेलर लागेलच. माझ्या एका सायकलला दुकानदाराने छोट्या केजवरच 34 बसवून दिली होती, चेनही जुनीच ठेवली. चेन पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर आली तसा केज पुढे ताणून काठीसारखा सरळ झाला, डिरेलर टांगलेला हँगर मोडला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये. घाटात होतो म्हणून वेग कमी होता, नाहीतर हाड मोडलं असतं. तेव्हा नवी चेन पुढच्या-मागच्या मोठ्या चकत्यांवरून, डिरेलरमधून न ओवता, गुंडाळून माप घ्यायची आणि वर दोन कड्या जास्त ठेवायच्या. दुकानात उभी राहून हे बघ. कंटाळले तरी हलू नकोस.

आणि एक. चढ अंगावर आल्यावर पुढची चकती बदलू नकोस. ताण असलेली चेन उतरत नाही, उतरली तर खाली पडते. वळणाच्या आधीच, पाय हलका ठेवून बदल. डावीकडे वळणाऱ्या वळणावर आतली बाजू सगळ्यात उभी असते. मागे-पुढे गाडी नसेल तरच थोडी बाहेरून घे.

कॅसेट आणि डिरेलर शनिवारी संध्याकाळपर्यंत बसवून घे, आणि गिअर घरासमोरच चार वेळा सगळे फिरवून बघ. रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी ये. मी घड्याळ आणतो.

तुझा,
काका