वाचकांचे प्रश्न : एअर रायफलचा स्कोप सरकतोय आणि दुकानदार ऐकत नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी साताऱ्याचा. पंधरा दिवसांपूर्वी स्प्रिंगवाली पॉइंट १७७ रायफल घेतली, त्याच दुकानातून ४×३२ स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि तो रायफलवर धरून ठेवणारा माउंट पण घेतले, दुकानदारानेच बसवून दिले. आधी छर्रे एका जागी लागायचे, आता थोडे मारले की नेम भलतीकडेच, परत सेट करा परत तेच. दुकानदार म्हणतो वापरलेला माल परत घेत नाही, बिलावर छापलंच आहे बघा. काय करू?

उत्तर : दादा, भांडायला जायच्या आधी घरीच एक गोष्ट बघून घ्या. रायफल कॉक केलेली (स्प्रिंग ताणलेली) नाही आणि आत छर्रा नाही हे पक्कं करा. मग माउंटच्या मागच्या कडेला, जिथे तो रायफलच्या खाचेला टेकतो, तिथे नेलपॉलिशची बारीक रेघ अशी ओढा की ती माउंटवरही येईल आणि रायफलवरही, तशीच एक रेघ माउंटची रिंग, म्हणजे स्कोप धरणारं कडं, आणि स्कोपची नळी या दोन्हींवर. नंतर नेहमीसारखे छर्रे मारा आणि बघा. खालची रेघ तुटली तर माउंट मागे सरकतोय, वरची तुटली तर रिंगमध्ये स्कोप सरकतोय, आणि दोन्ही रेघा जशाच्या तशा राहून नेम फिरत असेल तर आधी स्कोप काढून रायफलच्या स्वतःच्या उघड्या साइटने मारून बघा, त्याने छर्रे नीट लागले तर स्कोपच्या आतच बिघाड असायची शक्यता जास्त.

स्प्रिंग रायफलमध्ये हे फार होतं कारण तिचा धक्का दुहेरी असतो. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे पळतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की तीच रायफल पुढे हिसका खाते, स्कोप मात्र जागच्या जागी राहू बघतो म्हणून हळूहळू मागे घसरतो. म्हणूनच माउंटला खाली स्टॉप पिन, म्हणजे त्याला सरकू न देणारी खुंटी, असते आणि बऱ्याच रायफलींवर तिच्यासाठी भोक असतं. बसवणारे ती पिन भोकात बसवतच नाहीत, वरच्यावर स्क्रू आवळून देतात, खाचेला लागलेलं तेलही पुसत नाहीत! पिन भोकात बसवा, खाच स्पिरिटने पुसा, रिंगचे स्क्रू एकदम न आवळता आडवे-तिरपे थोडे थोडे आवळा. अति आवळलंत तर नळी दबते, मग आतलं नेम फिरवून सेट करायचं बिघडतं आणि तो दोष तुमच्या माथी येतो.

आता हक्काचं. बिलावर काहीही छापलेलं असू दे, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. आणि फिटिंग त्यांनीच केलंय म्हणून माउंट चुकीचा बसला असेल तर तीही सेवेतली त्रुटीच, "स्कोप चांगला आहे" म्हणून त्यांना सुटता येत नाही. रेघांचे आधीचे-नंतरचे फोटो काढा, दोष काय आणि तुम्हाला बदली हवी की पैसे, हे लेखी कळवा, व्हॉट्सॲप आणि रजिस्टर पोस्ट दोन्हीने. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. एक कळकळीची विनंती, स्कोप स्वतः उघडू नका. आयोग माल तपासणीला लॅबमध्ये पाठवू शकतो, उघडलेल्या स्कोपचं तिथे काही सिद्ध होत नाही.

प्रश्न : ऑनलाइन ३-९×४० स्कोप मागवला, माउंट रायफलवर बसतच नाही, खूप रुंद आहे. परत घेतील का?

उत्तर : बहुतेक तुमच्या रायफलीची खाच ११ मिमीची आहे आणि माउंट २१ मिमीच्या पिकॅटिनी पट्टीचा (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीचा) आलाय, त्याला आवळून काही उपयोग नाही. सगळं त्या पेजवर काय लिहिलं होतं यावर आहे. "सर्व एअरगनला चालेल" असं लिहिलं असेल तर वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये हे आहे, आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यायचा असतो. त्या पेजचा स्क्रीनशॉट आजच काढा, लिहिलेलं बदलायला वेळ लागत नाही. पण २१ मिमी स्पष्ट लिहून तुम्ही तसंच मागवलं असेल तर तो मालाचा दोष नाही, साइटची जी रिटर्न पॉलिसी असेल तेवढंच.

स्कोप ठेवणारच असाल तर तो स्प्रिंग एअरगनसाठी बनवलाय का ते विचारा. फायरआर्मचे बरेच स्कोप एकाच दिशेचा धक्का धरून बनवलेले असतात आणि त्यांचं पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी नेम न हलण्याचं अंतर, १०० यार्डांवर सेट असतं, दहा मीटरवर डोळा जरा हलला की नेम हलतो.

प्रश्न : मुलगी कोल्हापूरला १० मीटर एअर रायफल शिकते. दुकानदार म्हणतो स्कोप लावा, लवकर शिकेल. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ ताई. १० मीटर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, मागे पीप साइट (बारीक भोकाची साइट) आणि पुढे रिंग असते, त्यातूनच नेम धरायचा. तुमच्याच जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेऊन आला, तिथेही स्कोप नसतोच. त्या पैशात छर्रे घ्या आणि साइट तिच्या कोचकडूनच बसवून घ्या.