ताडपत्रीखालची होडी

‘नोकरी सोडून मनातले काम हाती घेतले आणि साठवलेला पैसा अर्ध्यावरच संपला, तर काय करायचे?’ चाळिशीच्या आसपासचे अनेकजण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यातल्या बहुतेकांच्या मनात शेती असते किंवा खानावळ. एका जुलै महिन्यात आलेल्या गृहस्थांच्या मनात मात्र चोवीस फुटी शिडाची होडी होती. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत.

ते एका रासायनिक कारखान्यात अभियंता होते. रायगड जिल्ह्यातील एका खाडीकाठी बेवारशासारखी पडलेली फायबरची जुनी होडी त्यांनी २ लाख ८० हजारांना घेतली आणि मार्चअखेर नोकरी सोडली. जुलैपर्यंत त्यांची झोप उडाली होती, पत्नीशी बोलणे ‘जेवण वाढू का’ एवढ्यावर आले होते आणि आपला निर्णय चुकला, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता.

निर्णय बरोबर की चूक, या वादात मी शिरले नाही. हल्ली दिवस कसा जातो, एवढेच विचारले. तेव्हा कळले की जूनपासून होडी ताडपत्रीखाली होती. फायबरचा तळ दुरुस्त करायचा तर त्यात मुरलेली ओल आधी पूर्ण निघावी लागते, कारण ओलसर थरावर चढवलेले रेझिन (फायबरचे थर जोडणारा चिकट द्रव) नीट धरत नाही. आणि कोकणातल्या पावसाळी हवेत, उघड्यावर, ती ओल निघत नाही. म्हणजे कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पण त्या दिवसांत कोळीवाड्यात जाळी विणणे आणि डागडुजी चालू असते. रिकामपणालाही तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची घडी आहे. या गृहस्थांचा दिवस सतरा वर्षे कारखान्याच्या पाळीने आखलेला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात तो पूर्ण मोकळा झाला. ज्याला लोक पश्चात्ताप म्हणतात, त्यातला बराचसा भाग दिवसाची ही घडी मोडल्याचा असतो, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना खर्चाची वही आणायला सांगितले. दुरुस्तीवर ४ लाख १० हजार खर्च झाले होते. केबिनमधल्या गाद्या, लाकडावरचे पॉलिश आणि जीपीएसचा पडदा झाला होता. परंतु तळातल्या पाण्याच्या झडपा आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा यांना हातही लागला नव्हता. होडीत पाणी शिरू न देणारे आणि डोलकाठी उभी ठेवणारे भाग आधी, सोयी शेवटी, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही असे घडले, कारण गंजलेली झडप उघडली की वाईट बातमी मिळण्याची भीती असते, तर पॉलिश संध्याकाळपर्यंत चमकते. धास्तावलेले मन ज्या कामाचे उत्तर गोड येणार ते आधी निवडते. यात आळस नाही, आणि त्याबद्दल स्वतःला दोष देत बसण्याचेही कारण नाही.

तिसऱ्या भेटीला पत्नी आल्या. ४ लाख १० हजारांपैकी जेमतेम अडीच लाख त्यांना माहीत होते. त्या म्हणाल्या, “होडीचा राग नाही हो. पण आकडा मला बँकेच्या मेसेजवरून कळतो, त्याचा आहे.” घरातला खरा तंटा होडीवरून नव्हताच.

या गृहस्थांच्या बोलण्यात नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांचे नाव वारंवार येई. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. आदर्श थोरच आहे. पण मी त्यांच्या लक्षात आणून दिले की दोंदे २००६ मध्ये या मोहिमेसाठी पुढे आले आणि मधली तीन वर्षे बांधणी व सरावात गेली, तीही नौदलाच्या सेवेत राहून आणि नौदलाच्या पाठबळावर. पाच महिन्यांच्या, स्वतःच्या खिशातून चाललेल्या कामाला तो गज लावणे स्वतःवर अन्याय करणारे होते.

मग तिघांनी बसून आकडे मांडले. घरखर्चाचे साडेतीन लाख पत्नीच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि होडीसाठी त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या पावणेदोन लाखांत झडपा, तारा आणि तळ एवढेच करायचे. ते संपले की त्या हंगामापुरते काम थांबवायचे. ‘इतके घातले, आता मागे कसे फिरायचे’ हा विचार फार फसवा असतो, म्हणून थांबण्याचा आकडा पैसे हातात असतानाच कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही संपल्याचे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. तो खर्च सर्वांत आधी धरला. (अजून राजीनामा न दिलेल्यांनी कायम नोकरीतल्या ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे पूर्ण होतात का, हेही पाहावे, चार-सहा महिन्यांच्या घाईपायी ती गमावलेले लोक मी पाहिले आहेत.)

पुढच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, त्यांनी एका कारखान्यात कंत्राटी देखभालीचे काम घेतले. झडपा बदलून झाल्या आहेत, तळ सुकला आहे. तारांचे पैसे मात्र पुरले नाहीत, त्यामुळे डोलकाठी अजून किनाऱ्यावर आडवीच आहे. ठरल्याप्रमाणे ते थांबले, आणि ही गोष्ट मला फोन करून त्यांच्या पत्नीने सांगितली.